मोहीम गुप्त असावी, धोरण नव्हे

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला’ हे वाक्य महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही पाठ असते. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी, म्हणजे चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली त्याच दिवशी, यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली आणि तेव्हापासून त्या घटनेचा अभिमान आपण पिढ्यान्‌पिढ्या बाळगत आलो आहोत. मला मात्र त्याहून मोलाची वाटते ती पुढच्या वर्षीची २ सप्टेंबर ही तारीख. त्या दिवशी चव्हाण लोकसभेत उभे राहिले आणि नेफामधील (आजच्या अरुणाचल प्रदेशातील) पराभवाची लष्कराने जी अंतर्गत चौकशी केली होती तिच्याविषयी त्यांनी निवेदन केले. ले. जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी ही चौकशी केली होती. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकुमाची साखळी, जवानांची शारीरिक तयारी आणि सेनाधिकाऱ्यांची कुवत या सगळ्यांतल्या उणिवा चव्हाणांनी सभागृहापुढे मान्य केल्या. सैन्य कितीही मोठे व सुसज्ज असले तरी त्याला सरकारकडून योग्य धोरणात्मक मार्गदर्शन मिळावे लागते, आणि ते मार्गदर्शन सैन्याच्या संख्येशी व सामग्रीशी सुसंगत असावे लागते, असेही त्यांनी सांगितले. पराभव केवळ रणांगणावर झाला नव्हता, तो दिल्लीतही झाला होता, याची याहून स्पष्ट कबुली सत्तेवर असलेल्या मंत्र्याकडून क्वचितच मिळते.

निवेदन झाले, अहवाल मात्र कपाटात गेला आणि आजही तो तिथेच आहे. २०१० मध्ये काँग्रेस आघाडीचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेला सांगितले की अहवालातील मजकूर अतिशय संवेदनशील असून लष्करी दृष्ट्या आजही उपयोगाचा आहे. २०१४ च्या मार्चमध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्यातला बराचसा भाग इंटरनेटवर टाकला, तेव्हा विरोधात असलेल्या भाजपने अहवाल का दडवला म्हणून सरकारला धारेवर धरले. त्याच वर्षी जुलैत, सत्तापालट झाल्यावर, नवे संरक्षणमंत्री अरुण जेटली यांनी राज्यसभेत सांगितले की अहवाल खुला करणे राष्ट्रहिताचे नाही. जो मजकूर जगात कोणीही वाचू शकतो, तो भारताच्या संसदेने अधिकृतपणे वाचायचा नाही, यावर आपल्या दोन मोठ्या पक्षांचे एकमत आहे. अशी एकमते आपल्याकडे फार थोडी आहेत, म्हणूनच या एकमताची मला काळजी वाटते.

परराष्ट्र आणि संरक्षण धोरण लोकशाहीत कोणी ठरवायचे, या प्रश्नाला आपली राज्यघटना थोडके उत्तर देते. अनुच्छेद ७३ प्रमाणे संसदेला ज्या विषयांवर कायदा करता येतो त्या सर्व विषयांत केंद्राला कार्यकारी अधिकार आहेत. संघसूचीत परराष्ट्र व्यवहार, परकी देशांशी करार, युद्ध आणि शांतता हे सारे आहे. अनुच्छेद २५३ संसदेला करारांच्या अंमलबजावणीसाठी कायदे करण्याचा अधिकार देतो. मात्र करार करण्यापूर्वी संसदेची संमती घ्यावी असे घटनेत कुठेही म्हटलेले नाही आणि तसा कायदाही संसदेने आजवर केलेला नाही. युद्धाच्या कारणाने आणीबाणी पुकारली तर ती महिनाभरात दोन्ही सभागृहांकडून मंजूर करून घ्यावी लागते, पण प्रत्यक्ष युद्ध करायला, परदेशात सैन्य धाडायला अशा मंजुरीची गरज नाही. ही रचना आपण इंग्रजांकडून घेतली. तिथे राजाचा विशेषाधिकार मंत्रिमंडळाच्या हाती आला, इथे व्हाइसरॉयचा.

कार्यकारी मंडळाला मोकळीक असू नये, असे माझे म्हणणे नाही. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब क्षेत्रात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत होते. त्या दुपारी हवाईदलप्रमुख अर्जनसिंग संरक्षण मंत्रालयात आले आणि विमाने वापरण्याची परवानगी चव्हाणांनी काही मिनिटांत दिली. संध्याकाळी विमाने उडालीही. तो निर्णय सभागृहापुढे ठेवत बसले असते तर अखनूरचा पूल गेला असता आणि त्याबरोबर जम्मूकडचा रस्ताही. कोणती तुकडी कुठे जाणार, कोणत्या तळावर हल्ला करायचा, वाटाघाटीत शेवटी किती सोडायची तयारी आहे, या गोष्टी बंद दाराआडच ठरल्या पाहिजेत. परंतु मोहिमेला लागणारी गुप्तता आणि धोरणाभोवती उभी केलेली गुप्तता यांत फरक आहे. पहिली जवानाचा जीव वाचवते. दुसरी बहुतेक वेळा कुणाच्या तरी नावाला डाग लागू नये म्हणून असते, आणि पुढच्या जवानाला ती महागात पडते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. संसदेत चर्चा झाली की भावना पेटतात, मग सरकारला तडजोड करता येत नाही, असे म्हटले जाते. त्यासाठी दाखला दिला जातो तो चीनचाच. १९६० च्या एप्रिलमध्ये चौ एन-लाय दिल्लीत आले, तेव्हा खवळलेल्या संसदेमुळे नेहरूंचे हात बांधले गेले होते, हा युक्तिवाद अनेक अभ्यासक करतात. पण संसद का खवळली होती, हे पाहिले पाहिजे. अक्साई चीनमधून जाणारा रस्ता पुरा झाल्याचे चीनने १९५७ मध्ये जाहीर केले होते. भारताने निषेधाचा खलिता ऑक्टोबर १९५८ मध्ये पाठवला. लोकसभेला हे सारे कळले ते ऑगस्ट १९५९ मध्ये, आणि श्वेतपत्रिका आली त्यानंतर. दोन वर्षे अंधारात ठेवलेल्या सभागृहाला एका सकाळी देशाच्या भूमीवर परक्याचा रस्ता असल्याचे कळते, तेव्हा ते शांतपणे विचार करत नाही. हीच माहिती १९५७ मध्ये मिळाली असती तर कदाचित त्या वेळच्या संसदेने, जिच्यात आचार्य कृपलानी आणि आपले नाथ पै यांच्यासारखे सदस्य होते, काही शहाणपणाचेही सुचवले असते. लोकशाहीने परराष्ट्र धोरण बिघडवले ही तक्रार ज्या प्रसंगावरून केली जाते, तिथे खरा दोष माहिती दडपण्याचा होता.

आणि त्याच नेहरूंची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युद्ध चालू असताना, ८ नोव्हेंबर १९६२ रोजी, त्यांनी संसदेचे अधिवेशन भरवले. बैठक गुप्त घ्यावी अशी सूचना आली ती त्यांनी नाकारली. लोकसभेत आठवडाभर चर्चा झाली, दीडशेहून अधिक सदस्य बोलले आणि अनेकांनी पंतप्रधानांना त्यांच्या तोंडावर सुनावले. १४ नोव्हेंबरला, त्यांच्या वाढदिवशी, आक्रमकाला हुसकावून लावण्याचा ठराव एकमताने झाला. या टीकेमुळे सैन्याचे मनोधैर्य खचले असे त्या काळचे कोणी म्हटल्याचे मी वाचलेले नाही. ते खचले होते उणे तापमानात सुती गणवेशात उभे राहून.

संसदेच्या संमतीने काय फरक पडतो ते पाहायचे असेल तर १९७४ हे एकच वर्ष घ्यावे. त्या वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने सुमारे सहा आठवड्यांत दोन शेजाऱ्यांशी सीमेचे दोन करार केले, मे महिन्यात बांगलादेशाशी आणि जूनमध्ये श्रीलंकेशी. बांगलादेशाबरोबरच्या करारात भूमीची अदलाबदल होती, आणि बेरूबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच मत दिले होते की देशाची भूमी दुसऱ्या देशाला द्यायची तर घटनादुरुस्ती हवी. म्हणून हा करार अडून राहिला. एकेचाळीस वर्षे अडला. या काळात सीमेवरच्या १६२ वसाहतींमधली, म्हणजे एका देशाच्या हद्दीने वेढलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांमधली, माणसे ना या देशाची ना त्या देशाची अशी जगत होती. त्यांच्यात ५० हजारांहून अधिक जीव होते, आणि हा विलंब अन्यायाचाच होता हे मी नाकारत नाही. पण २०१५ च्या मे महिन्यात शंभरावी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत एकमताने झाली. पूर्वी विरोध करणारे पक्ष त्या मतदानात होते, आसाम आणि बंगालचे खासदारही होते. त्या दिवसापासून हा विषय संपला. आज कोणत्याही प्रचारसभेत त्या वसाहतींचे नाव कोणी काढत नाही.

श्रीलंकेबरोबरच्या कराराने कच्चथीवू हे २८५ एकरांचे बेट श्रीलंकेच्या बाजूला गेले. ही भूमी वादग्रस्त होती, आपली नव्हतीच, म्हणून देण्याचा प्रश्न येत नाही, अशी भूमिका सरकारने घेतली आणि संसदेची मंजुरी न घेता करार पुरा केला. तमिळनाडूने तेव्हाही विरोध केला होता, आजही करतो. रामेश्वरमचे मच्छीमार आजही पकडले जातात, आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत, करारानंतर पन्नास वर्षांनी, पंतप्रधानांपासून सगळे या बेटावर बोलत होते. कायदेशीर दृष्ट्या सरकारचे म्हणणे बरोबर असेलही. पण ज्या करारावर लोकप्रतिनिधींनी हात वर केला नाही, तो करार पन्नास वर्षांनीही जनतेला आपला वाटत नाही. जे काम कासवाच्या गतीने सर्वांना घेऊन झाले ते टिकले, आणि जे झटपट उरकले ते अजून भळभळते आहे.

श्रीलंकेत शांतिसेना पाठवण्याचा निर्णय तर याहून मोठा होता. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत करार झाला आणि लगोलग सैन्य जाफन्यात उतरले. संसदेची पूर्वसंमती नव्हती. मोहिमेचे उद्दिष्ट काय, ती किती काळ चालणार, ज्या तमिळांच्या रक्षणासाठी गेलो त्यांच्यातल्याच बंडखोरांशी लढावे लागले तर काय, हे प्रश्न जाण्याआधी विचारणारे व्यासपीठच नव्हते. मार्च १९९० मध्ये सैन्य परतले तोवर सुमारे १,२०० जवान मरण पावले होते. याउलट २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला तेव्हा संसदेने एप्रिलमध्ये ठराव केला. त्यातल्या एका शब्दावरून पक्षांची बरीच ओढाताण झाली. अखेर हिंदी ठरावात ‘निंदा’ हा शब्द राहिला आणि इंग्रजीत त्याहून सौम्य. हा खेळ काहींना पोरकट वाटला. पण त्यानंतर अमेरिकेने इराकमध्ये भारतीय तुकड्या मागितल्या तेव्हा वाजपेयी सरकारने जुलैत नकार दिला, आणि तो देताना संसदेचे मत हा त्यांच्या हातातला भक्कम आधार होता. वाटाघाटी करणाऱ्या प्रतिनिधीला ‘माझी संसद हे मान्य करणार नाही’ असे म्हणता येणे ही मोठी शक्ती आहे. बलाढ्य अमेरिकेचे मुत्सद्दी आपल्या सिनेटचे नाव सांगून हेच तर नेहमी करतात.

लोकांचा दबाव आणि लोकांचा विचार यांत मात्र गल्लत करू नये. आपल्या परराष्ट्र धोरणावर लोकशाहीचा परिणाम होत नाही असे नाही, तो सतत होतो, पण बहुधा दबावाच्या रूपाने होतो. शहरात कांदा महागला आणि निवडणूक जवळ आली की निर्यातबंदी येते. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरच्या रांगा उभ्या असतात, भाव कोसळतो, लिलाव बंद पडतात, आणि तिकडे ढाक्यात भारताच्या शब्दावर विसंबलेला व्यापारी दुसरा देश शोधू लागतो. २०१९ मध्ये शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा त्यांनी उद्योजकांच्या मेळाव्यात सांगितले की मी आचाऱ्याला स्वयंपाकात कांदा वापरू नको म्हटले आहे. त्यावर हशा पिकला, पण शेजारधर्माला तडा गेला होता. हा निर्णय कोणत्या समितीपुढे, कोणत्या चर्चेनंतर झाला? एका अधिसूचनेने. नाशिकचा शेतकरी आणि बांगलादेशाशी असलेले संबंध या दोन्हींचा विचार करण्याची जागा संसद होती, आणि तीच वगळली गेली.

गोव्याचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. १९५५ मध्ये ना. ग. गोरे, सेनापती बापट, मधु लिमये हे लोक सत्याग्रही तुकड्या घेऊन सीमा ओलांडत होते, १५ ऑगस्टला निःशस्त्र माणसांवर गोळीबार झाला, लिमयांना बारा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. या माणसांनी सरकारवर दबाव आणलाच, पण त्याबरोबर युक्तिवाद केला, सभा घेतल्या, संसदेत प्रश्न लावून धरले. डिसेंबर १९६१ मधल्या लष्करी कारवाईपर्यंतचा रस्ता त्यांनी घडवला. देशाचे परराष्ट्र धोरण पुण्यातल्या आणि सावंतवाडीतल्या सामान्य कार्यकर्त्यांनीही घडवले होते, हे आपण विसरता कामा नये.

आता वर्तमानाकडे येतो. पहलगाममध्ये मारल्या गेलेल्या २६ जणांत सहा जण महाराष्ट्राचे होते. ७ मे २०२५ रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले, १० मे रोजी गोळीबार थांबला. विरोधी पक्षांनी विशेष अधिवेशन मागितले, ते मिळाले नाही. भारताची बाजू मांडायला सर्वपक्षीय खासदारांची सात शिष्टमंडळे तीसहून अधिक देशांत गेली. त्यांतल्या एकाचे नेतृत्व सुप्रिया सुळे यांच्याकडे होते, दुसऱ्याचे श्रीकांत शिंदे यांच्याकडे. ही कल्पना उत्तम होती आणि खासदारांनी कामही चोख केले. पण जे खासदार कैरोत आणि अबुधाबीत देशाचे धोरण समजावून सांगू शकतात, ते स्वतःच्या सभागृहात त्याविषयी प्रश्न विचारू शकत नाहीत, हे कसे? आपली काही विमाने पडल्याचे संरक्षण दलप्रमुखांनी ३१ मे रोजी सिंगापुरात परदेशी माध्यमांना सांगितले. लोकसभेत चर्चा सुरू झाली ती २८ जुलैला. विमान पडणे हा युद्धाचा भाग आहे, त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो ही गोष्ट देशाला परक्या वाहिनीवरून कळण्यात.

चर्चेखेरीज रोजच्या देखरेखीचा प्रश्न राहतो, आणि माझ्या मते तोच अधिक गंभीर आहे. २०२५-२६ ची संरक्षण तरतूद ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांहून अधिक होती. या खर्चाच्या मागण्यांवर लोकसभेत अनेक वर्षी चर्चाच होत नाही, त्या इतर खात्यांच्या मागण्यांबरोबर एका घावात मंजूर होतात. २०१८ मध्ये तर सर्वच खात्यांचे तसे झाले. काम होते ते संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीत. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये भुवनचंद्र खंडुरी या निवृत्त मेजर जनरल असलेल्या सत्ताधारी खासदाराच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे उपसेनाप्रमुखांनी साक्ष दिली की लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट आहे. समितीने ते जसेच्या तसे छापले. काही महिन्यांत समितीचे अध्यक्ष बदलले. बदलाचे कारण काहीही असो, पुढच्या प्रत्येक अध्यक्षाने त्यातून जो धडा घेतला असेल तो देशाच्या हिताचा नाही. गुप्तचर यंत्रणांवर तर अशी समितीही नाही. १९६८ मध्ये स्थापन झालेली रॉ संसदेच्या कोणत्याही कायद्याखाली चालत नाही. ब्रिटनने १९९४ पासून संसद सदस्यांची समिती नेमून आपल्या गुप्तचर खात्यांवर लक्ष ठेवले, त्यामुळे ती खाती उघडी पडली नाहीत.

सातारा किंवा कराडच्या एसटी स्थानकावर सुटी संपवून निघालेला जवान पुष्कळांनी पाहिला असेल. बाजूला काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव, बाप काही न बोलता ट्रंकेच्या कडीला हात लावून उभा. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले. ते युद्ध कशासाठी होते हे त्यांना कोणी विचारले नव्हते, विचारण्याची सोयही नव्हती, कारण ते प्रजा होते. त्यांचे पणतू नागरिक आहेत. फरक दिसायचा असेल तर तो इथेच दिसला पाहिजे.

त्यासाठी घटना बदलण्याची गरज नाही. करारांविषयी कायदा करावा असे घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्या. वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्येच सुचवले होते. ब्रिटनमध्ये २०१० पासून करार मंजुरीपूर्वी संसदेपुढे २१ कामकाजाचे दिवस ठेवावा लागतो, तेवढी तरतूद आपणही करू शकतो. परदेशात लढाऊ तुकड्या पाठवायच्या असतील तर जर्मनीत १९९४ च्या न्यायालयीन निकालापासून संसदेची मंजुरी लागते, आणि तातडीच्या वेळी ती मागाहून घेण्याची मुभाही आहे. प्रत्येक मोठ्या संघर्षानंतर स्वतंत्र चौकशी आपोआप नेमली जावी. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समिती अशीच नेमली गेली, काही भाग वगळून तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला, आणि संरक्षण दलप्रमुखाच्या पदापर्यंतच्या पुढच्या सुधारणांची चर्चा तिथूनच सुरू झाली. वगळलेला भाग वगळूनही केवढा उपयोग झाला! २६/११ नंतर महाराष्ट्र सरकारने राम प्रधान यांची समिती नेमली. संरक्षण मंत्रालयात चव्हाणांचे खासगी सचिव होते तेच हे प्रधान. त्यांचा अहवालही राज्य सरकारला विधिमंडळापुढे ठेवायला जड गेले. तो बाहेर फुटल्यावर, २००९ च्या डिसेंबरात, सभागृहात आला. अहवाल वाचून मुंबईवर कोणी नवा हल्ला आखला नाही.

सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा आहे आणि २५ वर्षांहून जुनी कागदपत्रे अभिलेखागारात जावीत ही त्याची चौकट आहे. त्यातून काय वगळायचे हे आज ज्या खात्याची ती कागदपत्रे आहेत तेच ठरवते. हा अधिकार खात्याकडून काढून संसदेच्या एका छोट्या, सर्वपक्षीय, शपथबद्ध समितीकडे द्यावा, आणि तिच्यापुढे सर्वांत आधी हेंडरसन ब्रुक्स अहवाल ठेवावा. चव्हाणांनी लोकसभेत ते निवेदन वाचले त्या दिवशी जन्मलेला एखादा मुलगा अपशिंग्यातून फौजेत भरती झाला असेल, पुरी नोकरी करून ट्रंक घेऊन परतला असेल आणि आज साठी ओलांडून निवृत्तिवेतनावर घरी बसला असेल. १९६२ मध्ये काय चुकले, हे त्याच्या सरकारने त्याला अजून पुरते सांगितलेले नाही.